पाच हजार सहा नंबरचा सभासद

परशराम पावशे बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत एकतीस वर्षं नोकरीला होता. त्याच्या निरोपाच्या दिवशी मालकांनी भाषणात त्याचं नाव पांडुरंग असं घेतलं. परशरामनं दुरुस्ती केली नाही. पांडुरंग म्हणून हार घालून घेतला, पांडुरंग म्हणून नारळ घेतला, आणि संध्याकाळच्या बसनं तो गावी आला. बायकोनं, मंगलनं विचारलं, "सांगितलं का न्हाय?" तर म्हणाला, "एवढं चांगलं बोलत हुते, मधी कशाला तोडायचं?"

उचगावच्या पलीकडं आमचं गाव. परशराम तसा गावचाच, पण गावाला तो फारसा माहीत नव्हता. पहाटे जाणार, दिवे लागताना येणार. रस्त्यात समोरून कोण आलं की हा आधीच कडेला. फाउंड्रीत त्याचं काम पॅटर्नच्या खोलीत होतं. पॅटर्न म्हणजे लाकडी नमुने. ते वाळूत दाबून साचा काढायचा आणि साच्यात लोखंड ओतायचं. असे चार-पाच हजार नमुने, प्रत्येकावर रंगानं नंबर घातलेला. कुणीतरी दारातून नंबर ओरडायचा, परशराम तो नमुना आणून द्यायचा. एकतीस वर्षांत त्याला तिथं बोलायला लागलेली वाक्यं माझ्या अंदाजानं दोनशे भरतील.

निवृत्त झाल्यावर त्यानं म्हैस घेतली आणि गावच्या डेअरीचा सभासद झाला. डेअरी आमच्या गावची असली तरी ती एका संघाची शाखा. संघाची सोळा गावं. सभासदांचे नंबर मात्र सोळा गावांत मिळून एकाच ओळीत चालतात. परशरामच्या वाट्याला आला पाच हजार सहा.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला तो किटली घेऊन रांगेत उभा राहिला. डेअरीत संगणकावर नीलम बसते, सेक्रेटरी मारुतीरावांची सून. काट्यावर दूध ओतलं की ती सभासदाचा नंबर घालते, त्याची छोटी खिडकी पडद्यावर येते, खिडकीत त्याच्या नावाचं बटण असतं. ते दाबलं की लिटर, फॅट सगळं नोंद होऊन चिठ्ठी निघते. नीलमनं 'परशराम पावशे' हे बटण दाबलं आणि पडदा मोकळा झाला. प्रोग्राम बंद.

"लाइट गेली काय?" मागून कुणीतरी विचारलं. लाइट होती. पंखा फिरत होता.

संगणक जुना. प्रोग्राम परत सुरू व्हायला दहा मिनिटं. नीलमनं तो सुरू केला, परशरामचा नंबर घातला, बटण दाबलं. परत बंद. तिसऱ्यांदा तिनं त्याचं दूध कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाली, "काका, उद्या बगू."

उद्याही तेच झालं, परवाही. आठवडाभरात रांगेतल्या चाळीस माणसांना कळून चुकलं, की परशराम पावशे आला की डेअरी बंद पडते. मारुतीरावांनी माउस बदलला. मग टेबल हलवून भिंतीकडं लावलं. मग परशरामला चप्पल बाहेर काढायला सांगितली. मग त्यालाच बाहेर थांबवून किटली आत घेतली. शेवटी म्हणाले, "उद्या वैनींना पाठवा."

मंगल गेली. तिच्या हातचं दूध काट्यावर पडलं, नीलमनं बटण दाबलं, प्रोग्राम बंद. मंगल घरी येऊन किटली आपटून म्हणाली, "बरं झालं. म्हंजे तुमचा पायगुण न्हाय. आडनावाचाच हाय."

मग मारुतीरावांनी त्याला रांगेत शेवटचा ठेवायचं ठरवलं. सगळ्यांचं झालं, की परशरामचं दूध कागदावर घ्यायचं, त्याचं बटण दाबायचं आणि संगणक झाकून घरी जायचं. हे इतकं सोयीचं पडलं की खाली कोपऱ्यात 'बंद करा' म्हणून वेगळं बटण आहे हे नीलम विसरूनच गेली. एकदा परशराम पाहुण्यांकडं खानापूरला गेलेला. त्या दिवशी नीलम साडेआठपर्यंत संगणकासमोर बसून राहिली आणि मारुतीरावांना म्हणाली, "मामा, आज बंद कसं करायचं? पावशेकाका न्हाईत."

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. भरमूनं नवी पिठाची गिरणी घातली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन परशरामच्या दारात आला.

"अण्णा, उद्या उद्घाटन हाय."

"व्हय की. येतो."

"तेच सांगायला आलोय. येऊ नका."

परशरामनं पेढा खाल्ला आणि बरं म्हणाला. दुसरीकडं महादेवच्या विहिरीवरची मोटार एकदा बंद होईना. स्टार्टर अडकलेला. महादेव धावत आला आणि परशरामला मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन गेला. हा विहिरीजवळ जाऊन उभा राहिला, बिचारा, हात मागं बांधून. पाच मिनिटांत गावची वीज गेली आणि मोटार थांबली. त्यानंतर त्याला रस्त्यात बाजूला व्हावंच लागेना. लोकच बाजूला व्हायला लागले.

परशरामला मात्र एक शंका होती. रांगेत त्याच्या पुढं मष्णू असायचा. मष्णूचं दूध घेतलं की कोपऱ्यातला प्रिंटर आपोआप चालू होऊन सगळ्या गावाची यादी छापायचा. लोक म्हणायचे, मशीन म्हातारं झालं. परशरामनं मष्णूची चिठ्ठी मागून बघितली. नंबर पाच हजार दहा.

"मारुतीराव," तो म्हणाला, "दोष माणसात न्हाय, नंबरात हाय. आमच्या फाउंड्रीत एकदा एकच नंबर दोन पॅटर्नवर पडला हुता. ऑर्डर पुलीची, आणि तीन दिवस पंपाची बॉडी ओतली. कुणी चूक केली न्हवती. ज्यानं नंबर ओरडला त्येनं बरोबर ओरडला, ज्यानं आणून दिला त्येनं बरोबर दिला."

आयुष्यात त्यानं एकदम केलेलं हे सगळ्यात मोठं भाषण. मारुतीरावांनी त्यातलं अर्धंच ऐकलं. संध्याकाळी कमिटी बसली आणि ठराव झाला, 'पाच हजार सहा हा नंबर अशुभ असल्याने यापुढे कोणाही सभासदास देऊ नये.' एकानं सुचवलं, नंबर वाया कशाला घालवायचा, देवाच्या नावावर करू. त्यावर देवळाच्या पंचांनी जोरात हरकत घेतली. देवाचं नाव दाबल्यावर डेअरी बंद पडली तर गावात तोंड कुठं दाखवायचं? तो विषय तिथंच थांबला.

परशरामसाठी नवा नंबर मारुतीरावांनी स्वतः निवडला. मोकळ्या नंबरांची यादी घेऊन ते आकड्यांची बेरीज करत बसले आणि ज्याची बेरीज सात येते असा काढला. पाच हजार एकशे एक.

दुसऱ्या दिवशी सगळी रांग श्वास रोखून उभी. नीलमनं बटण दाबलं. प्रोग्राम चालूच राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मारुतीरावांनी परशरामच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला रांगेत मधली जागा मिळाली. सगळं गाव समाधानी झालं.

परशरामच्या चिठ्ठीवर शून्य लिटर लिहिलं होतं.

त्यानं ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. दूध काट्यावर पडत होतं, मोठ्या कॅनमध्ये जात होतं, टेंपोतून बेळगावला पोचत होतं, कुणाच्या तरी चहात पडत होतं. पण नोंद घेतली की पुसली जात होती. परशराम गप्प. सगळे इतके खुश आहेत, मध्ये कशाला तोडायचं?

आठव्या दिवशी मंगलनं सदरा धुवायला घेतला आणि खिशातून आठ चिठ्ठ्या निघाल्या.

"हे काय?"

"चिठ्ठ्या."

"शून्य लिटर? आठ दिवस म्हैस दूध देत्या का न्हाय?"

"देत्या की."

"मी पहाटे पाचला उठून पिळत्ये ते काय हाय मग? पाणी?" मंगलचा आवाज चढला. "आधी तुमी आला की दुकान बंद व्हायचं. आता तुमी आलाच न्हाय असं लिवत्यात. ह्यापेक्षा पयलं बरं हुतं. निदान कळायचं तरी, कोण तरी आलतं म्हणून."

हे त्याला लागलं. रात्रभर काय विचार केला कोण जाणे, पण सकाळी त्यानं दूध घातलं, शून्याची नववी चिठ्ठी घेतली आणि नीलमला विचारलं, "पोरी, हे प्रोग्राम केलं कुणी?"

प्रोग्राम सुरू होताना खाली बारीक अक्षरात एक नाव यायचं. नीलमनं ते मोबाइलवर फोटो काढून दाखवलं. वर्धमान चौगुले, निपाणी. साल दोन हजार नऊ.

परशराम बेळगावला जाऊन निपाणीच्या बसमध्ये बसला. नऊ चिठ्ठ्या पाकिटात होत्या, मष्णूची एक उसनी घेतलेली होती. निपाणीत विचारत विचारत पोचला तर पत्ता निघाला तंबाखूच्या वखारीचा. दारातच शिंक आली. आत पोत्यांच्या थप्प्या, आणि एका पोत्याशी वाकून हातात पान चोळून बघणारा चाळिशीचा माणूस. तोच वर्धमान. वडील आजारी पडल्यावर संगणक सोडून घरच्या धंद्यात बसलेला. त्याला बारा वर्षं झाली होती.

परशरामनं त्याला चिठ्ठ्या दिल्या, आणि सगळी हकीकत सांगितली. पुलीची आणि पंपाची पण. वर्धमान ऐकता ऐकता खाली पोत्यावर बसला.

"तुमचा पयला नंबर कुठला म्हणाला?"

"पाच हजार सहा."

"आणि आता?"

"पाच हजार एकशे एक."

वर्धमाननं कपाळाला हात लावला. "अण्णा, माझं चुकलं."

त्यानं चहा मागवला आणि पोत्यावर बोटानं चौकोन काढून समजावून सांगायला लागला. "पडद्यावर जे जे दिसतंय, खिडकी म्हणा, बटण म्हणा, त्या प्रत्येकाला आतनं एक नंबर असतोय. बटण दाबलं की मशीनला नाव कळत न्हाय. अमुक नंबर दाबला, एवढंच कळतंय."

"पॅटर्नचं पण तसंच."

"तसंच. आता ह्या खिडक्या-बटणं मी घरात न्हाय बनवली. त्याचं तयार सामान मिळतंय, ते आणून जोडायचं. त्या सामानानं काही नंबर स्वतःसाठी राखून ठेवलेत. पाच हजारच्या आसपासचे, हजारभर. तिथं आपण जायचं न्हाय असं स्वच्छ लिवलंय. पाच हजार दहा म्हंजे छापा. पाच हजार एकशे एक म्हंजे रद्द करा."

"आणि पाच हजार सहा?"

"बंद करा. हे सामान वापरून जगात कुणीबी प्रोग्राम केला तरी 'बंद करा'चा तोच नंबर."

परशरामनं कप खाली ठेवला. "जगात कुठंबी?"

"कुठंबी."

त्यानं कप परत उचलून उरलेला चहा संपवला. मग हळूच म्हणाला, "मग मला कसा दिला?"

"मी म्हटलं, सभासदाचा नंबर तोच बटणाचा नंबर. वेगळं काय लक्षात ठेवायला नको. चेअरमननं शाल घातलती मला त्यासाठी. त्या वेळी सभासद हुते अकराशे. पाच हजार कधी हुणार, असं वाटलं." वर्धमान खजील होऊन हसला. "खरं म्हंजे नंबर आपण द्यायचाच न्हाय. नंबराच्या जागी वजा एक लिवायचं. म्हंजे, 'तुझा तू दे.' मग ते सामान शून्याच्या खालचा एखादा नंबर काढून देतंय, माणसाच्या हाताला न लागणारा. खिडकी उघडी हाय तवर तो तिचा. ती मिटली की परत घेतंय. मग पुढं कुणाला गरज लागली तर देतंय."

"म्हंजे कायमचा कुणाचाच न्हाय."

"कुणाचाच न्हाय. म्हणून भांडण न्हाय."

पुढच्या रविवारी वर्धमान आमच्या गावात आला. कपड्यांना तंबाखूचा वास, काखेत जुना लॅपटॉप. डेअरीच्या दारात निम्मं गाव जमलेलं. मारुतीरावांनी मात्र अडवलं. म्हणाले, "ठरावात नंबर अशुभ असं लिवलंय. प्रोग्राम चुकीचा असं न्हाय लिवलेलं. दुरुस्ती करायची तर आधी ठराव दुरुस्त कराय पायजे, आणि त्याला सात दिवसांची नोटीस लागत्या."

परशराम मागं भिंतीला टेकून उभा होता. तो पुढं आला. "मारुतीराव, सात दिवस माझी म्हैस थांबती काय?"

लोक हसले. मारुतीरावही हसले आणि त्यांनी खुर्ची सोडली. वर्धमान तासभर खटाखट टाइप करत बसला. मग परशरामला त्याचा पाच हजार सहा परत दिला गेला, कारण वर्धमानचं म्हणणं, खरी परीक्षा त्याच नंबरावर. नीलमनं बटण दाबलं. एक चिठ्ठी निघाली. सभासद पाच हजार सहा, चार लिटर दोनशे. पडदा जागच्या जागी.

"आता माझ्या बटणाचा नंबर काय झाला?" परशरामनं विचारलं.

वर्धमाननं आत बघून सांगितलं, "वजा एकतीस हजार नऊशे ब्याऐंशी. उद्या हाच असेल असं न्हाय."

"असू दे." परशरामनं चिठ्ठी मंगलच्या हातात दिली. मंगलनं ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "चार दोनशे न्हाय, चार चारशे हुतं. काटा पण बगून घ्या त्येंच्याकडनं."

पण काम एवढ्यावर भागणार नव्हतं. हाच प्रोग्राम संघाच्या बाकी पंधरा गावांतही होता, आणि तिथं एकट्यानं जायचा वर्धमानला धीर होईना. लोक काय म्हणतील? तेव्हा परशराम त्याच्याबरोबर जायला लागला. दर रविवारी एक गाव. वर्धमान मान खाली घालून टाइप करायचा आणि परशराम जमलेल्या लोकांना समजावून सांगायचा. पॅटर्न म्हणजे काय, एक नंबर दोघांना गेला की पुलीचा पंप कसा होतो, आणि काही नंबर आधीच का ठरलेले असतात. पहिल्या गावात तो अडखळला. पाचव्या गावापर्यंत त्याला पाणी मागवून बोलायची सवय लागली. कन्नड बोलणाऱ्या गावात त्यानं फाउंड्रीतल्या कन्नडात सांगितलं, आणि एकतीस वर्षांत ऐकलेलं सगळं कन्नड तोंडातून बाहेर पडताना त्यालाच नवल वाटलं.

लोंढ्याच्या बाजूच्या एका गावात पाच हजार नऊ नंबरची सभासद होती जयाबाई. वय पंच्याहत्तर, एक गाय, घरात एकटी. डेअरीतल्या माणसानं सांगितलं, हिचं नाव दाबलं की पडद्यावर दुसरीच एक खिडकी येते, ती मिटवल्यावर हिची नोंद होते. वर्धमाननं लगेच ओळखलं. पाच हजार नऊ म्हणजे मदत. दोन हजार नऊ साली त्या खिडकीत त्यानंच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'नमस्कार. आपल्याला काय मदत हवी आहे?'

"आक्का, आता ती खिडकी यायची न्हाय," वर्धमान म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

"का?" जयाबाईनं विचारलं.

"चूक हाय ती."

"कशी चूक?" म्हातारी टेबलाजवळ सरकली. "रोज सकाळी हा मला वाचून दाखवतोय. मी सांगते. आज गुडघा दुखतोय. आज गाईनं वैरण खाल्ली न्हाय. मग हा खिडकी मिटवतोय आणि चिठ्ठी देतोय. तुमाला काय तरास हुतोय त्याचा?"

डेअरीवाला माणूस ओशाळून म्हणाला, "व्हय, सवय झाल्या. मागची लोकंबी थांबत्यात. कुणी तरी वैरण आणून देतोय, कुणी तेल."

वर्धमाननं परशरामकडं बघितलं. "नियमानं बदलाय पायजे, अण्णा. सगळ्यांचं केलं, हिचंच ठेवलं तर माझा प्रोग्राम अर्धवट दिसंल."

"कुणाला दिसंल?" परशराम म्हणाला. "राहू दे की एक."

वर्धमाननं बाकी सगळ्यांचे नंबर सोडवले आणि पाच हजार नऊ तसाच ठेवला. परीक्षा म्हणून जयाबाईचं बटण दाबलं. खिडकी उघडली. डेअरीवाल्यानं सवयीनं मोठ्यानं वाचलं, "नमस्कार. आपल्याला काय मदत हवी आहे?"

"काय न्हाय रं आज," जयाबाई म्हणाली. "ह्या दोघांची बस साडेपाचला हाय. त्येंना चहा पाज."